हडसनकाठचे घर : घेतल्यानंतरचा खर्च

लग्नघरी जेवणे आटोपली की पुरुषमंडळींच्या गप्पा पूर्वी उसाच्या भावावर जात. हल्ली त्या घरांच्या भावावर जातात. गेल्या महिन्यात वाक्वाला अशाच एका मांडवात एक परिचित गृहस्थ माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. हातात गुळगुळीत कागदाची रंगीत पुस्तिका. त्यांचा मुलगा न्यूयॉर्कला एका बँकेत नोकरीला आहे. समोरच्या काठावर, जर्सी सिटीत, नदीवरच्या एका उंच इमारतीत एकविसाव्या मजल्यावरची सदनिका विकाऊ आहे. किंमत ८ लाख डॉलर.

"गुरुजी, वडिलांच्या वाटणीची जमीन गेल्या वर्षी विकली. ते पैसे पडून आहेत, थोडे मुलगा घालील. आम्ही दोघे वर्षातून महिनाभर जाऊन राहू, बाकीचे दिवस भाडे येईल. घ्यावी का?"

मी विचारले, "घेतल्यावर दर वर्षी किती लागतील, याचा अंदाज घेतला आहे का?"

ते हसले. "घेतली की आपली झाली. मग कसले लागायचे?"

हे उत्तर आपल्या बेटावरच्या माणसाला शोभणारेच आहे. पणजोबांनी मळ्यात राबून पै-पै साठवली आणि एक तुकडा घेतला, म्हणजे तो आपला. त्यावर दगडी भिंत उभी राहिली, पुढे वर सिमेंटचा स्लॅब पडला, की नातवापर्यंत कोणी विचारायला येत नाही. जर्सी सिटीच्या किनाऱ्यावरचे घर मात्र या जातीचे नव्हे. तेथे किंमत एकदा द्यायची आणि खर्च जन्मभर. मालक गेल्यावर मोठा खर्च पुढे येतो, तो वेगळाच. त्या दिवशी मांडवात जे सांगता आले नाही ते येथे सविस्तर लिहीत आहे, कारण ती पुस्तिका आणखीही काही घरांत पोचली असणार.

प्रथम जागा पाहू. हडसन नदीच्या पूर्व काठावर मॅनहॅटन, पश्चिम काठावर जर्सी सिटी. मध्ये पाण्याखालून पाथ नावाची रेल्वे धावते. एक्स्चेंज प्लेस स्टेशनवर बसले की काही मिनिटांत वर्ल्ड ट्रेड सेंटर. म्हणूनच तर त्या काठाला एवढी किंमत. पण हा काठ पूर्वी कोणाला नको होता. तो रेल्वे कंपन्यांचा होता. यार्डे, धक्के, कारखाने आणि कोळशाची काजळी. आप्रवासी घाटावर १८३४ पासून जशी आपली माणसे उतरली, तशी १८९२ पासून युरोपची माणसे समोरच्या एलिस बेटावर उतरत आणि जर्सी सिटीच्याच धक्क्यावरून आगगाडीत बसून देशभर पांगत. ते जुने टर्मिनस आजही लिबर्टी स्टेट पार्कमध्ये उभे आहे. रेल्वे बुडाल्या, यार्डे ओस पडली, आणि १९८० नंतर त्या ओसाड जागेवर न्यूपोर्ट नावाची वसाहत उठू लागली. आज ९९ हडसन नावाची ७९ मजली इमारत न्यू जर्सी राज्यात सर्वांत उंच आहे, आणि ती बांधणारी कंपनी चिनी मालकीची आहे.

आपले भारतीय लोक तेव्हा नदीवर राहत नव्हते, हेही सांगितले पाहिजे. ते वर चढावर, जर्नल स्क्वेअरजवळ न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यूला राहत, कारण तेथे भाडे परवडे. किराणा, साड्या, मिठाईची दुकाने त्यांनी तेथे थाटली. १९८७ साली स्वतःला 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्या टोळक्याने कपाळावरच्या कुंकवाची खूण धरून त्याच लोकांना मारहाण केली, आणि त्या वर्षीच्या हल्ल्यांत एकाचा जीवही गेला. त्या गल्लीतल्या मंडळींची मुले आज नदीवरच्या सदनिकांचे भाव विचारतात. काळ बदलतो खरा.

आता ही जमीन. नदीकाठची बरीचशी जमीन देवाने केलेली नाही, माणसाने भर घालून केली आहे. न्यू जर्सीचा कायदा असा की जेथे पूर्वी भरतीचे पाणी येत होते ती भूमी मुळात राज्याची. भर घालून ती कोरडी केली तरी राज्याचा हक्क सुटत नाही, जोपर्यंत राज्याने ती रीतसर दिली नाही. एलिस बेटाचेच उदाहरण घ्या. ते मूळचे तीनेक एकर, भर घालून सत्तावीस एकरांच्या आसपास झाले. मालकी कोणाची यावर न्यूयॉर्क व न्यू जर्सी भांडले, आणि १९९८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भरीची जमीन न्यू जर्सीची, मूळ तुकडा न्यूयॉर्कचा. आपणांस हे नवे वाटू नये. आपल्याकडे भरतीच्या रेषेपासून ८१.२१ मीटर जागा 'पा-झिओमेत्रिक' म्हणून सरकारचीच असते, आणि तीवरचे कांपमाँ सरकारी पट्ट्यावर उभे असतात. तिकडेही खरेदीपूर्वी वकिलाकडून विचारून घ्यायचे की इमारतीखालच्या भूमीचा भरतीहक्क राज्याकडून रीतसर सुटला आहे काय.

त्याच पाण्याचा दुसरा धागा असा. हडसनच्या काठाने बेयॉनपासून जॉर्ज वॉशिंग्टन पुलापर्यंत सुमारे साडेअठरा मैलांचा सार्वजनिक पायरस्ता आहे. पुस्तिकेत त्याचे चित्र हमखास असते. संध्याकाळ, दिवे, बाबागाडी ढकलणारे जोडपे. चित्राखाली हे लिहिलेले नसते की हा रस्ता बांधणे आणि सांभाळणे हे काम राज्याने काठावरच्या मालमत्ताधारकांवर टाकले आहे. फिरायला सारे गाव येणार, आणि फळ्या कुजल्या, कठडा गंजला, पाण्याने खालची भिंत पोखरली, की त्याचा खर्च इमारतीच्या मेंटेनन्समधून. नदीकाठच्या धक्क्याची भिंत दुरुस्त करणे म्हणजे घराला रंग देणे नव्हे.

पण सर्वांत जड हप्ता घरपट्टीचा. न्यू जर्सीची घरपट्टी अमेरिकेत सर्वांत जास्त समजली जाते. २०२४ साली राज्यातल्या एका घराची सरासरी पट्टी प्रथमच १०,००० डॉलरांच्या वर गेली. जर्सी सिटीत गेल्या काही वर्षांत आकारणी-मूल्याच्या दर शंभर डॉलरांमागे दोन डॉलरांहून अधिक पट्टी बसते. हे पैसे तीन वाटांनी जातात. थोडे नगरपालिकेला, थोडे हडसन काउंटीला आणि बरेच शाळांना. २०१८ नंतर राज्याने शहराच्या शाळांचे अनुदान उतरवत नेले, तेव्हा ती उणीव घरमालकांच्या पट्टीतून भरून निघाली. आपला मुलगा त्या शाळेत जात नसला तरी पट्टी सारखीच. शिक्षणासाठी पैसे देण्याला कोणी नाक मुरडू नये. पण हिशेबात तर धरले पाहिजेत.

आकारणी-मूल्याची गोष्टही चमत्कारिक आहे. १९८८ नंतर तीस वर्षे शहराने घरांचे फेरमूल्यांकन केलेच नाही. राज्याने हुकूम काढला तेव्हा २०१८ मध्ये ते झाले, आणि ज्या भागांत किमती मधल्या काळात चढल्या होत्या तेथल्या अनेकांची पट्टी एकदम उडाली. म्हणून मागच्या मालकाची पावती पाहून समाधान मानू नये. पट्टी वर्षातून चार वेळा भरायची, १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट व १ नोव्हेंबर. बिल पोस्टाने इमारतीच्या पत्त्यावर जाते, आणि मालक रोझ हिलला. उशीर झाला तर पहिल्या १,५०० डॉलरांवर ८ टक्क्यांपर्यंत आणि त्यावरच्या रकमेवर १८ टक्क्यांपर्यंत व्याज लावण्याची मुभा कायदा देतो. पुढेही थकली तर नगरपालिका त्या थकबाकीचा लिलाव करते, घेणारा व्याज खात बसतो, आणि दोन वर्षांनी तो घर जप्त करण्याचा दावा लावू शकतो. सरकारी बाबू भेटला तर गोड बोलून महिनाभर पुढे ढकलू, ही आपली पद्धत तेथे चालत नाही.

"पण एजंट म्हणाला, या इमारतीला पट्टीची सूट आहे," असेही त्या गृहस्थांनी सांगितले. असेल. ओसाड किनारा उठावा म्हणून जर्सी सिटीने नदीवरच्या पुष्कळ इमारतींना वर्षानुवर्षांचे करार करून दिले. नेहमीच्या पट्टीऐवजी ठरलेली रक्कम भरायची. यातले ९५ टक्के नगरपालिकेला व ५ टक्के काउंटीला. शाळांना काही नाही, आणि म्हणून शहरात या सवलतीवरून कटकटही खूप झाली. विकत घेणाऱ्याने मात्र एकच प्रश्न विचारायचा, आणि उत्तर लेखी घ्यायचे : करार कोणत्या वर्षी संपतो? वीस वर्षांच्या करारातली सतरा गेली असतील, तर आज दिसणारी पट्टी ही तीन वर्षांची पाहुणी आहे. ज्येष्ठ नागरिकांना किंवा राहत्या घरांना राज्याकडून पट्टीत जी मदत मिळते ती तेथल्या रहिवाशांसाठी आहे. महिनाभर येणाऱ्या परदेशी मालकाला ती लागू नाही.

मेंटेनन्सचे सांगतो. उंच इमारतीत दरवान, लिफ्ट, पोहण्याचा तलाव, विमा, बर्फ उपसणे, हे सारे महिन्याच्या वर्गणीतून. ही वर्गणी खरेदीच्या दिवशी असते तेवढीच राहील अशी कोणाची हमी नसते. २४ जून २०२१ रोजी फ्लोरिडात सर्फसाइड येथे समुद्रकाठची चॅम्पलेन टॉवर्स साउथ ही बारा मजली इमारत रात्री झोपेत कोसळली आणि ९८ माणसे गेली. काँक्रीट झिजत चालल्याचे कागदोपत्री माहीत होते. दुरुस्तीसाठी लागणारी मोठी वर्गणी कोणी द्यायची, यावर रहिवाशांच्या सभांत वर्षानुवर्षे वाद चालले होते. या दुर्घटनेनंतर न्यू जर्सीने जानेवारी २०२४ मध्ये कायदा केला. उंच निवासी इमारतींच्या सांगाड्याची ठरावीक काळाने इंजिनियरकडून तपासणी, आणि दर पाच वर्षांनी राखीव निधी पुरेसा आहे का याचा अभ्यास. निधी अपुरा निघाला तर तो भरून काढायचा. कायदा चांगलाच आहे, माझ्या मते तो आधीच व्हायला हवा होता. पण ज्या इमारतींनी वर्गणी कमी दाखवून सदनिका खपवल्या, त्यांचे सभासद आता फरक भरत आहेत. एकदम मोठी रक्कम प्रत्येक सदनिकेवर बसवली जाते आणि ती नाकारता येत नाही. म्हणून घेण्यापूर्वी निधीचा अभ्यास आणि गेल्या दोन-तीन वर्षांच्या सभांची इतिवृत्ते मागावीत. इतिवृत्त वाचायला कंटाळवाणे असते, पण गळणारी छते आणि भांडणारे शेजारी त्यातच सापडतात.

आता पाणी. २९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री सँडी वादळ आले. मॅनहॅटनच्या टोकाशी, बॅटरीपाशी, पाणी सुमारे चौदा फुटांवर पोचले. हडसनखालच्या पाथच्या बोगद्यांत नदी शिरली. आम्ही लोक वादळ म्हटले की वारा समजतो. कॅरोल आणि जर्व्हेझ ज्यांनी पाहिले त्यांना उडालेले पत्रेच आठवतात. सँडीचे मुख्य नुकसान खाऱ्या पाण्याने केले. एकविसाव्या मजल्यावर पाणी चढत नाही हे खरे. पण विजेचे पॅनेल, पंप, जनरेटर, लिफ्टची यंत्रे तळाशी असली तर एकविसाव्या मजल्यावरचा माणूस अंधारात, बिनपाण्याचा, आणि म्हातारा असेल तर चारशे पायऱ्यांचा कैदी. १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाचा पाऊस पडला तेव्हा समुद्र चढलाच नव्हता, तरी सखल रस्ते भरले. जुन्या गटारांत पावसाचे आणि सांडपाणी एकाच नळातून वाहते, आणि भरतीच्या वेळी ते नदीत सुटत नाही. गेल्या जानेवारीत नव्हे, त्याआधी २०२४ च्या जानेवारीत बेलालने पोर्ट लुईचे काय केले ते ज्यांनी पाहिले, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

पुराचा विमा तेथे नेहमीच्या घरविम्यात नसतो, तो निराळा घ्यावा लागतो. बहुतेकांचा तो १९६८ पासून चालत आलेल्या केंद्र सरकारच्या योजनेतून असतो. तिची घराला मर्यादा २,५०,००० डॉलर व आतल्या सामानाला १,००,०००. ऑक्टोबर २०२१ पासून हप्ता प्रत्येक इमारतीचा धोका पाहून नव्याने ठरतो. जुन्या ग्राहकांचा हप्ता वाढवताना राहत्या घराला वर्षाला १८ टक्क्यांची मर्यादा आहे, तर जेथे मालक स्वतः राहत नाही त्या घराला २५ टक्क्यांची. शिवाय प्रत्येक पॉलिसीवर एक अधिभार असतो. राहत्या घराला २५ डॉलर, न राहत्या घराला २५०. म्हणजे दूरच्या मालकाला पाणीसुद्धा महाग पडते! एक गोष्ट बरी झाली. मार्च २०२४ पासून न्यू जर्सीत विकणाऱ्याने घराचा पुराचा इतिहास खरेदीदाराला लेखी सांगणे बंधनकारक आहे. तो कागद नीट वाचावा.

भाड्याचा हिशेब मी त्या मांडवात, हातपुसण्याच्या कागदाच्या पाठीवर, मांडून दाखवला. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण स्वप्नातले नव्हेत. समजा भाडे महिना ३,८०० डॉलर, आणि वर्षातला एक महिना घर रिकामे (तोच महिना काका-काकू राहणार). अकरा महिन्यांचे ४१,८००. आता खर्च. घरपट्टी, आकारणी ७ लाखांवर धरून, १५,४००. मेंटेनन्स ९०० प्रमाणे १०,८००. विमा ९००. भाडेकरू पाहणाऱ्या एजंटाला आठ टक्के, ३,३४४. किरकोळ दुरुस्त्या १,५००. कर भरून देणाऱ्या हिशेबनिसाला १,२००. एकूण ३३,१४४. शिल्लक ८,६५६ डॉलर. आठ लाखांवर वर्षाला एक टक्क्याहून किंचित अधिक. बँकेचे कर्ज काढले असते तर एवढेही राहिले नसते.

यावर अजून प्राप्तिकर नाही. आणि येथे परदेशी माणसासाठी एक खड्डा खणलेला आहे. अमेरिकेत न राहणाऱ्या परदेशी मालकाच्या भाड्यावर नियमाप्रमाणे ३० टक्के कर बसतो, तो नफ्यावर नव्हे, एकूण भाड्यावर. ४१,८०० चे ३० टक्के म्हणजे १२,५४०. हातात ८,६५६, कर १२,५४०! गृहस्थांनी हा आकडा दोनदा तपासला.

यातून वाट आहे. मालकाने अमेरिकेच्या कर खात्याला कळवायचे की माझे भाडे हे धंद्याचे उत्पन्न धरा. मग खर्च वजा होतात, शिवाय इमारतीच्या किमतीची घसारा-वजावट साडेसत्तावीस वर्षांत मिळते. जमिनीचा भाग सोडून इमारतीचे ६ लाख धरले, तर वर्षाला २१,८०० डॉलरांहून अधिक घसारा, म्हणजे कागदोपत्री तोटाच आणि त्या वर्षी केंद्राचा कर शून्य. (विकताना हा घसारा हिशेबात परत येतो.) पण त्यासाठी कर-क्रमांक काढून दर वर्षी वेळेवर विवरणपत्र भरले पाहिजे, केंद्राचे आणि न्यू जर्सीचेही. 'नफा नाही तर कागद कशाला' असे म्हणून जे स्वस्थ बसतात, त्यांची वजावट जाते आणि ते पुन्हा तीस टक्क्यांच्या खड्ड्यात. भारताचा अमेरिकेशी प्राप्तिकराचा करार १९८९ साली झालेला आहे. मॉरिशसचा नाही. पुण्याच्या मावसभावाने सांगितलेला सल्ला आपल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

महिन्याच्या भाड्यापेक्षा पाहुण्यांना रात्रीच्या हिशेबाने देऊ, आपल्या फ्लिक-आँ-फ्लाकला देतात तसे, ही कल्पनाही पुस्तिकेतल्या एजंटाने सुचवली होती. जर्सी सिटीच्या मतदारांनी ५ नोव्हेंबर २०१९ च्या मतदानात त्यावर कडक बंधने आणली. मालक जागेवर राहत नसेल तर चारांहून अधिक घरांच्या इमारतीत हा धंदा करता येत नाही. एकविसाव्या मजल्यावर तर प्रश्नच मिटला.

आता ज्या विषयावर लग्नमांडवात बोलू नये म्हणतात, तो. मालक मेला तर?

अमेरिकेचा नागरिक मेला तर केंद्राचा वारसा-कर कोट्यवधी डॉलरांपर्यंत लागत नाही. तेथे कायमचे न राहणारा परदेशी मेला, तर अमेरिकेतल्या त्याच्या मालमत्तेला माफी फक्त ६०,००० डॉलरांची. पुढे चढत्या दराने कर, ४० टक्क्यांपर्यंत. ८ लाखांच्या कर्ज नसलेल्या सदनिकेवर हा कर साधारण २,५४,८०० डॉलर होतो. नऊ महिन्यांत भरायचा. आपल्या बेटावर असा कर नाही, आणि याबाबतचा करारही आपला अमेरिकेशी नाही, म्हणून आपल्या मंडळींच्या हे स्वप्नातही येत नाही. घराचा एक-तृतीयांश भाग जणू पहिल्या दिवसापासून सरकारकडे गहाण आहे, आणि ते गहाण मालकाच्या शेवटच्या श्वासाला सुटते.

"मग दोघांच्या नावावर घेऊ," असे लगेच सुचते. नवरा-बायकोच्या संयुक्त नावाने तेथल्या नागरिकांचे काम भागते; बायको अमेरिकन नागरिक नसेल तर तिच्या नावची मोकळीक मिळत नाही, आणि तिने स्वतःचे पैसे घातल्याचे सिद्ध केले नाही तर सारे घर नवऱ्याचेच धरतात. "मग कंपनी काढू." काढता येते. पण एकट्या परदेशी मालकाची छोटी कंपनी असेल तर तिने दर वर्षी एक माहितीपत्रक भरावे लागते, आणि ते न भरल्याचा दंड २५,००० डॉलर आहे. उत्पन्न नसले तरी. परदेशी मोठी कंपनी मध्ये घातली तर वारसा-कर टळू शकतो, पण मग विकतानाचा कर निराळ्या, बहुधा महाग दराने. प्रत्येक दाराला कुलूप आहे आणि प्रत्येक किल्लीची फी वकील घेतो.

न्यू जर्सी राज्याने आपला मृत्यूनंतरचा एक कर १ जानेवारी २०१८ पासून काढून टाकला, पण दुसरा ठेवला आहे. तो कोणाला मिळते यावर अवलंबून. नवरा, बायको, मुले, नातवंडे यांना माफ. भावाला-बहिणीला पहिल्या २५,००० डॉलरांनंतर ११ टक्क्यांपासून १६ टक्क्यांपर्यंत. पुतण्या-भाच्याला १५ ते १६ टक्के. परदेशी मेला तरी त्याच्या तेथल्या घराला हा लागू. आपल्या एकत्र कुटुंबांत 'मोठ्या भावाच्या नावावर घेऊ, पुढे सगळ्यांचेच आहे' ही रीत जुनी आहे. त्या कायद्याला ती रीत कळत नाही. शिवाय वाटणी आपल्या नोतेरच्या दप्तराने होत नाही. जमीन जेथली, कायदा तेथला. मृत्युपत्र नसेल तर हडसन काउंटीच्या वारसा-न्यायालयात जाऊन तेथल्या नियमाने वारस ठरतात.

विकण्याची पाळी आली तरी पैसे सगळे हातात येत नाहीत. १९८० च्या कायद्याने परदेशी विकणाऱ्याच्या किमतीतून खरेदीदाराने १५ टक्के कापून कर खात्यात भरायचे असतात. १० लाखांपर्यंतचे घर खरेदीदार स्वतः राहायला घेत असेल तर १० टक्के. ही कपात नफ्यावर नव्हे, किमतीवर. न्यू जर्सी बाहेरच्या विकणाऱ्याकडून किमान २ टक्के अगाऊ घेते. म्हणजे ८ लाखांना घेतले व ८ लाखांनाच विकले, तरी निदान ९६,००० डॉलर अडकले, आणि विवरणपत्र भरून ते परत मागायचे. हस्तांतर-फी विकणाऱ्याची. १० जुलै २०२५ पासून १० लाखांवरच्या घरांची जादा फीसुद्धा खरेदीदाराऐवजी विकणाऱ्यावर आली. रुपयाचे काय होईल ते वेगळेच. २०१० च्या सुमारास आपण डॉलरला तीसएक रुपये मोजत होतो, अलीकडे पंचेचाळीसच्या आसपास. घर घेतलेल्याचा त्यात फायदा झाला. पट्टी आणि मेंटेनन्स इथून पाठवणाऱ्याचा नाही.

आणखी एक गैरसमज. आपल्या सरकारने २००२ पासून निरनिराळ्या योजना काढून परदेशी लोकांना किनाऱ्यावर घरे दिली. ३,७५,००० डॉलरांचे घर घेतले की त्यांना येथे राहण्याचा परवाना मिळतो. तामारँ, ब्लॅक रिव्हरकडे ते रोज दिसतात. तसे अमेरिकेत नाही. जर्सी सिटीत दहा सदनिका घेतल्या तरी मालकाला विमानतळावर व्हिसाच दाखवावा लागतो. तिकडे घराला येण्याची परवानगी आहे, मालकाला मागावी लागते.

हे सगळे ऐकल्यावर गृहस्थ गप्प झाले. मग म्हणाले, "आणि मुलाच्याच नावावर घेतली तर?"

हा खरा प्रश्न. मुलगा तेथे कर भरतो, भाड्याच्या तीस टक्क्यांचा खड्डा त्याला नाही. घरात तो स्वतः राहिला तर विम्याचा दरही राहत्या घराचा. तो तेथे कायमचा वसला आहे असे ठरले, तर वारसा-कराची मोठी माफी त्याला मिळते. नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असेल तर हे ठरवणे वादाचे होऊ शकते, त्याने वकिलाला विचारावे. वडिलांनी त्याला पैसे बक्षीस द्यावेत, ते येथल्या खात्यातून बँकेमार्फत, अमेरिकेत रोख नव्हे. एका वर्षात परदेशातून १,००,००० डॉलरांवर बक्षीस मिळाले तर मुलाने ते एका निराळ्या पत्रकावर कळवायचे असते. त्यावर कर नाही, पण कळवले नाही तर दंड रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत चढतो. मात्र मग घर मुलाचे. सून, नोकरी, बदली, घटस्फोट, जे काही त्याच्या नशिबी असेल त्यासकट. वडिलांची जमीन परत येणार नाही.

त्यांनी पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या जागेवर पाच गोष्टी लिहून घेतल्या : पट्टीचा करार कधी संपतो, राखीव निधीचा अभ्यास, सभांची इतिवृत्ते, पुराचा लेखी खुलासा, भरतीहक्काचा कागद. सहावी मी सांगितली. एजंटाच्या छापील करारावर सही केल्यावर न्यू जर्सीत वकिलाकडून तो तपासून घ्यायला कामकाजाचे तीन दिवस मिळतात. ते तीन दिवस विमानात घालवू नयेत.

घड्याळात तीन वाजले होते. "तिकडे आता सकाळचे सात," ते म्हणाले. "कामाला निघण्याआधी पोराला गाठतो." आणि पुस्तिका घडी करून फोन घेऊन ते मांडवाच्या मागे, जरा शांत जागी, निघून गेले.